अदलाबदलीचं बटण

"एक बटण!" मुरलीअण्णा खटावकर म्हणाले आणि त्यांनी तर्जनी वर धरली. "चेअरमन, फक्त एक बटण. बघा हं."

चेअरमन बघायला पुढं वाकले. मागं बाकड्यावर बसलेली त्यांची बहीण वाकली नाही. तिला कुणी बघ म्हटलं नव्हतं.

अण्णांनी माझ्या खांद्यावरून अंगठ्या घातलेला हात लांबवला आणि एफ-तीन दाबलं. पडद्यावर जमिनीच्या चतुःसीमा होत्या. दक्षिणेची ओळ टुणकन उडी मारून पूर्वेच्या डोक्यावर जाऊन बसली. मग त्यांनी एफ-चार दाबलं. ओळ गुमान खाली आली.

"आयला!" चेअरमन म्हणाले. "मशीन लईच हुशार हाय."

"मशीन मठ्ठ असतं, चेअरमन. बटणं बांधणारा हुशार लागतो."

मी हात मांडीवर घेऊन बसले होते. अण्णांचा प्रयोग चालू झाला की टायपिस्टनं हात मांडीवर घ्यायचे, हा त्या दुकानाचा एक नियम. दुसरा, टायपिस्टनं पार्टीशी बोलायचं नाही. पार्टीनं काही विचारलं तर 'अण्णांना विचारा' म्हणायचं आणि पडद्याकडं बघायचं. अकरा वर्षं मी हे दोन्ही नियम पाळले होते, म्हणून अण्णा मला 'आमच्या जंगमबाई' म्हणत. कौतुक जास्तच उतू आलं तर 'चूक न करणाऱ्या जंगमबाई'.

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची. आमच्या तालुक्याच्या गावात, जमिनीचे दस्त नोंदवायच्या कचेरीसमोर, दस्त लिहिणाऱ्यांची एक बोळ होती. एका बाजूला चार दुकानं, दुसऱ्या बाजूला तीन, आणि सातही जणांना वाटायचं की उरलेले सहा गाढव आहेत. त्यात अण्णांचं म्हणणं जरा जास्त खरं होतं, कारण त्यांच्याकडं एडिटर होता.

बाकीचे सहा जण साध्या, कॉम्प्युटरबरोबर आलेल्या प्रोग्रॅममध्ये टाइप करत. अण्णांच्या मशीनमध्ये दुरुस्तीवाल्यानं कुठलासा वेगळाच एडिटर घालून दिला होता. दिसायला भिकार, ना चित्र, ना रंग. पण त्याच्या पोटात तीनशेच्या वर कामं होती: ओळ खोडणं, ओळ उचलणं, शब्दाची जागा बदलणं, परिच्छेद पुढंमागं करणं. आणि यातलं कुठलंही काम आपल्या मर्जीच्या कुठल्याही बटणाला बांधता यायचं. बस्स. अण्णांना खेळणं मिळालं. ज्या माणसाला घरी पंख्याचं बटण कुठलं आणि दिव्याचं कुठलं हे बायकोला विचारावं लागायचं, तो माणूस दोन-दोन तास बसून बटणं बांधू लागला.

बरं, बांधून स्वस्थ बसावं? तर नाही. दर महिन्या-पंधरा दिवसांनी सोडायची आणि पुन्हा बांधायची. कारण समोरच्या दुकानातली माणसं चहाच्या निमित्तानं डोकावतात, असा त्यांना संशय. कागदावर लिहून ठेवायची नाहीत, कारण कागद चोरीला जातो. मला सांगायचं, पण सवडीनं. मी आपली रोज सकाळी मशीन चालू केलं की कोऱ्या फाइलवर एकेक बटण दाबून बघायची, आज कुठलं काय करतंय ते. अण्णांना याचा पत्ता नव्हता. त्यांना वाटायचं, त्यांची विद्या माझ्या बोटांत आपोआप झिरपते.

त्या सगळ्या बटणांत त्यांचं लाडकं एकच. अदलाबदलीचं.

ते कळायला दस्त कसा असतो ते थोडं सांगावं लागेल. दस्ताच्या डोक्यावर दोन परिच्छेद असतात. 'लिहून घेणार' या शब्दांखाली एकाचं नाव, वय, धंदा, गाव. 'लिहून देणार' या शब्दांखाली दुसऱ्याचं. त्यानंतर अख्ख्या दस्तात पुन्हा नाव म्हणून येत नाही. लिहून देणार यांनी असं केलं, लिहून घेणार यांना तसं मिळालं, असंच शेवटपर्यंत. सहीच्या जागीसुद्धा नाव नाही. नुसतं देणार, घेणार. म्हणजे वरचे दोन परिच्छेद एकमेकांच्या जागी ठेवले, की खाली एका अक्षराला हात न लावता सगळा दस्त उलटा. देणारा घेतो, घेणारा देतो.

"पार्टी घाईत नावं उलटी सांगते," अण्णा म्हणायचे. "बाकीचे गाढव पुन्हा टाइप करत बसतात. आपण एकदा दाबलं, उलटं. पुन्हा दाबलं, सुलटं. विषम वेळा उलटं, सम वेळा सुलटं. मोजता आलं की झालं."

मोजता मला येत होतं. अकरा वर्षांत त्या दुकानात मी एकशे बारा हक्कसोडपत्रं टाइप केली. बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीनं भावाला सोडून द्यायचा, त्याचा हा कागद. एकशे बारांत लिहून देणारी प्रत्येक वेळी बाई. त्यात अदलाबदलीचं बटण लागण्याचा प्रश्नच आला नाही. नावं कुणी कशीही सांगोत, बाईचं कुठं घालायचं ते अण्णा न विचारता सांगायचे. बदल्यात एक साडी. ही पद्धत. साडीची मी मनातल्या मनात नोंद ठेवायची: इरकल नऊ, पैठणीच्या काठाची म्हणून खपवलेली साधी चार, बाकी सगळ्या दुकानाच्या पिशवीतून न काढलेल्या, म्हणजे भावानंही न बघितलेल्या. त्या एकशे बारांतलं एकाहत्तरावं माझं. माझं हक्कसोडपत्र मीच टाइप केलं. एकही चूक नाही. साडी जांभळी मिळाली.

तर त्या दिवशी आले होते जालिंदर बाबर, गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. पांढरे कपडे, खिशाला दोन पेनं. त्यातलं एकही चालत नव्हतं हे मी आधी दोनदा पाहिलं होतं. बरोबर थोरली बहीण, हौसाबाई. पन्नाशीची, विधवा, काडीसारखी सरळ. दोघांचे पत्ते टाइप करताना आणि चेअरमनच्या बडबडीतून मला बाकीचं कळलं. ती पलीकडच्या गावात अंगणवाडीत खिचडी शिजवायची. दिरांनी घराच्या मागची पडवी दिली होती राहायला, तीही पावसाळ्यापुरती परत मागायला लागले होते, कारण त्यांच्या शेळ्यांची सोय होत नव्हती. माहेरी साडेआठ एकर, बारमाही विहीर. बाप जाऊन दोन वर्षं. वारस दोघंच.

"आमची आक्का म्हणजे देवमानूस," चेअरमन अण्णांना सांगत होते. "कदी शबुद खाली पडू दिला न्हाई."

"बहीण असावी तर अशी," अण्णा म्हणाले. अशी म्हणजे कशी, हे त्यांनी मागं वळून पाहिलं नव्हतं.

मग साक्षीदार आले का बघायला दोघंही बाहेर गेले. साक्षीदार म्हणजे टपरीवर ठरलेले दोन इसम. कुठल्याही दस्ताला चालत. मी खालचा मजकूर भरत होते. जरा वेळानं बाकडं करकरलं. हौसाबाई उठून माझ्या टेबलापाशी आली. हातात साडीची पिशवी, पोटाशी धरलेली, पण प्रेमानं नव्हे. दुसऱ्याचं मूल सांभाळायला दिल्यासारखी.

"बाई, ह्यात वारसाचंच हाय न्हवं?"

"अण्णांना विचारा," मी म्हटलं.

"इचारलं. ते म्हनलं, चेअरमनला इचारा. चेअरमन म्हनला, अण्णाला इचार. म्हून तुमच्याकडं आले."

मी पडद्याकडं पाहिलं. नियमाप्रमाणं.

"बाबांच्या मागं सातबाऱ्यावर दोगांची नावं लागायची ऱ्हायली हायेत म्हनला," ती म्हणाली. "त्याचा कागद हाय म्हनला. असंल. पर बाई, वारस लावायला साडी कशाला घेतली त्येनं? आईच्या मयतीला बी आनली न्हवती."

एकशे अकरा बायका माझ्यासमोरून गेल्या होत्या. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नव्हता विचारला, आणि माझ्या तर बोटांखाली अख्खा मजकूर होता.

"तुम्हाला वाचता येतं?" मी विचारलं. अकरा वर्षांत पार्टीला विचारलेला माझा पहिला प्रश्न.

"चौथीपतूर शिकलेय. पर चष्मा घरी ऱ्हायला. निगताना म्हनले, आनते. तर जालू म्हनला, चष्मा कशाला, मी हाय की."

बाहेरून अण्णांचा आवाज आला. "जंगमबाई! झालं का? कचेरीतल्या मॅडम साडेबाराला जेवायला उठतात!"

"झालं," मी म्हटलं. शेवटी तारीख घातली, फाइल बंद करण्याआधी सवयीनं बोट सेव्हच्या बटणाकडं, एफ-सातकडं गेलं. मग प्रिंटरला स्टॅम्पपेपर लावला आणि प्रिंट दिली.

अण्णांनी कागद हातात घेतले. आता वाचून दाखवायचा विधी. दस्त पार्टीला वाचून दाखवला, तिला समजला, तिनं कबूल केला, असं दस्तातच छापलेलं असतं, म्हणून वाचायचा. अण्णांची वाचायची पद्धत अशी: कागद हातात, नजर छताला, आणि एका श्वासात सगळं. "हक्कसोडपत्र लिहून घेणार श्री जालिंदर शंकर बाबर वय पंचेचाळीस धंदा शेती लिहून देणार श्रीमती हौसाबाई नामदेव सूर्यवंशी वय बावन्न धंदा घरकाम कारणे हक्कसोडपत्र लिहून दिले ऐसाजे..." मधे खोकला आला तर खोकूनसुद्धा घेत, पण कागदाकडं बघत नसत. "माझं पाठ आहे," असं ते अभिमानानं सांगायचे. कागदावर काय आहे ते बघायची गरज गाढवांना.

हौसाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती. धावत्या मोटारीचा नंबर वाचायचा प्रयत्न करावा तसं.

"कळलं ना मावशी?" अण्णांनी शेवटी श्वास घेतला.

"व्हय," ती म्हणाली. एकशे बारावं 'व्हय'.

एरवी सह्याही इथंच, दुकानाच्या पायरीवर उरकत. पण तीन आठवड्यांपूर्वी कचेरीत वनारसे मॅडम बदलून आल्या होत्या आणि त्यांनी सह्या आपल्यासमोर व्हायला पाहिजेत असा हुकूम काढला होता. शिवाय त्या दस्त वाचतात, अशी कुजबुज बोळीत होती. लोकांनी एखाद्याला फिट्स येतात हे ज्या आवाजात सांगावं, त्या आवाजात हे सांगितलं जाई. "नवीन आहेत," अण्णा म्हणत. "थकतील."

त्या दिवसापर्यंत थकल्या नव्हत्या.

मी बरोबर गेले, कारण अंगठ्यांची शाई आणि आधीच्या नोंदींची फाइल मी सांभाळायची. कचेरीत वीस-बावीस माणसं. मॅडमनी कागद घेतले, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. अण्णा शेजारच्या कारकुनाशी हवापाण्याचं बोलत होते.

"लिहून देणार?" मॅडम म्हणाल्या.

अण्णांनी न बघताच हौसाबाईच्या कोपराला ढकललं. ती पुढं झाली.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण नाही, बाई. लिहून देणार जालिंदर शंकर बाबर. कोण आहेत?"

"मी," चेअरमन म्हणाले. "पर मी घेनार हाय."

"इथं तुम्ही देणार आहात. नीट ऐका, मग कबूल आहे की नाही ते सांगा." आणि त्यांनी वाचलं. अण्णांसारखं नव्हे, शब्दाशब्दाला थांबून, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं. "'लिहून देणार यांनी सदर मिळकतीतील आपला संपूर्ण हक्क, हिस्सा व हितसंबंध लिहून घेणार यांचे लाभात, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने, कायमचा सोडून दिला आहे.' कबूल?"

"कुनाचा हक्क?"

"तुमचा."

"कुनाला?"

"तुमच्या बहिणीला. साडेआठ एकरांतला तुमचा हिस्सा, विहिरीसकट. फुकट. राजीखुशीनं."

चेअरमनचा चेहरा तांबडा झाला, मग पांढरा, मग पुन्हा तांबडा. संस्थेच्या वार्षिक सभेत अर्धा-अर्धा तास बोलणारा माणूस, त्याला आवाज सापडेना. सापडला तेव्हा तो कचेरीबाहेरच्या वडापाववाल्यालासुद्धा ऐकू गेला.

"मॅडम, मी काय येडा हाय व्हय? बापाची जिमीन अशी फुकाट कोन सोडतं?"

रांगेतल्या माणसांनी मान वर केली. त्यात भाऊ होते, बहिणी होत्या, आणि दोन-तीन साड्यांच्या पिशव्याही होत्या.

अण्णा धावले. त्यांनी कागद ओढून घेतले आणि त्या दुकानाच्या इतिहासात बहुधा प्रथमच स्वतःचा दस्त वाचला. "टायपिंगची चूक, मॅडम! टायपिस्टनं नावं वरखाली केली. दहा मिनिटांत दुसरा आणतो."

"म्हणजे हक्क सोडणार या बाई होत्या?"

"हो. म्हणजे नेहमीप्रमाणं."

"त्यांना माहीत आहे?"

"आत्ताच वाचून दाखवलाय. अगदी राजीखुशीनं..."

पण हौसाबाई अण्णांकडं बघत नव्हती, मॅडमकडंही नव्हती. ती भावाकडं बघत होती.

"जालू, काय म्हनालास?"

"आक्का, तू भाईर बस. कागदाचं काम हाय हे."

"फुकाट कोन सोडतं, म्हनालास न्हवं?"

"तसं न्हवं गं. तुझं येगळं."

"काय येगळं?"

चेअरमननी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी छताकडं पाहिलं. तिथं नेहमी सगळं लिहिलेलं असायचं, पण आज काही नव्हतं.

"तू... तू बहीन हायेस," चेअरमन म्हणाले.

"आन तू भाऊ हायेस. मग?" ती मॅडमकडं वळली. "बाईसाहेब, ह्या कागदात वारस लावायचं कुटं लिवलंय?"

"वारसाचं यात काही नाही, बाई. वारसनोंद तलाठ्याकडं होते. हे हक्कसोडपत्र आहे."

तिनं मान हलवली. दोनदा. भाजीवाल्यानं भाव सांगितल्यावर हलवावी तशी. ती रडेल असं मला वाटलं होतं; एकशे अकरा जणींपैकी काही जणी रडल्या होत्या, पण त्या सही करून झाल्यावर, बाहेर, पदर लावून. ही रडली नाही. तिनं पोटाशी धरलेली पिशवी सोडवली, त्यातून साडी बाहेर काढली. हिरवी होती. तिची घडी उलगडून तिनं ती चेअरमनच्या पांढऱ्या सदऱ्यावर, खांद्यावरून पदरासारखी टाकली.

"मग ही तुझी," ती म्हणाली. "लिहून देनाराला साडी असती न्हवं?"

रांगेत कुणीतरी हसलं. मग कुणीतरी अजून. हौसाबाई दारातून बाहेर पडली आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागली. चेअरमन "आक्का, आक्का" करत मागं गेले, हिरवी साडी खांद्यावर तशीच, तिचं एक टोक कचेरीच्या पायरीवर लोळत. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट बोळीतल्या सातही दुकानांत पोचली होती, आणि सहा दुकानांत ती फार आवडली होती.

अण्णा दुकानात आले ते 'जंगमबाई' विसरूनच.

"एफ-सात दाबलंस?"

"दाबलं."

"कशाला?"

"सेव्ह करायला. काल संध्याकाळपर्यंत सेव्ह सातवर होतं, अण्णा."

त्यांनी मशीनकडं पाहिलं. त्यांना आठवलं. आदल्या दिवशी समोरच्या दुकानातल्या टायपिस्टबरोबर मी हसून बोलले, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून सकाळी माझ्या आधी येऊन त्यांनी बटणं सोडून पुन्हा बांधली होती. सेव्ह नेलं होतं आठवर, आणि सातवर आणून बांधली होती अदलाबदल. मी आले तेव्हा ते मशीनसमोर बसूनच होते. मला कोरी फाइल उघडून बघायला सवड मिळाली नाही, कारण पाठोपाठ चेअरमन आले.

"मी सांगणारच होतो," अण्णा म्हणाले.

"सांगितलं नाही."

"किती वेळा दाबलं?"

"एकदाच."

"मोजलंस?"

"सेव्ह करायला कितीदा दाबतात, अण्णा?"

अण्णा दाराकडं वळले. अडचणीत आले की ते जे करायचे तेच त्यांनी केलं. दाराशी उभं राहून, बोळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यांनी जाहीर केलं की खटावकरांच्या दुकानाची पंचवीस वर्षांची इज्जत एका टायपिस्टच्या बोटानं घालवली. बटणांबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्या दिवशी मशीनमधून एडिटर गेला आणि बाकीच्या सहा गाढवांकडं होता तोच प्रोग्रॅम आला. महिन्यानं मीही गेले.

गेले, पण नाव घेऊन गेले. 'चूक न करणाऱ्या जंगमबाई' आता 'नावं उलटी करणाऱ्या जंगमबाई' झाल्या होत्या. समोरच्या दुकानातला तो हसून बोलणारा टायपिस्टही माझ्याशी बोलेना. जवळपास वर्षभर कुणी मला दस्ताला बसवलं नाही. शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप केल्या, लग्नाच्या पत्रिका केल्या. अकरा वर्षांत कमावलेली एकच गोष्ट होती माझ्याकडं, ती गेली. मला तिचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पुष्कळ वाटलं.

पुढं स्टँडसमोर दहा बाय आठचा गाळा घेतला. झेरॉक्स, टायपिंग, अर्ज. आता बोळीतलेच लोक माझ्याकडं येतात, कारण त्यांची नवीन पोरं अर्ज भरताना रडतात. अण्णा तीन वर्षांपूर्वी वारले. शेवटपर्यंत ते दस्त छताकडं बघूनच वाचत होते म्हणतात, आणि तेवढ्या एका बाबतीत मी त्यांना मानते. माणसानं आपल्या मूर्खपणाशी इतकं इमान राखणं सोपं नाही.

गेल्या पौषात हौसाबाई आली. मी तिला ओळखलं, तिनं मला ओळखलं. चष्मा होता डोळ्यांवर. सातबाऱ्याची झेरॉक्स हवी होती. मी काढता काढता वाचली. साडेआठ एकर, नावं दोन. चेअरमन जिच्या नावाखाली खोटं बोलले होते, ती वारसनोंद त्यांना अखेर खरीच करावी लागली होती. तिनं आपल्या वाटणीत खोली बांधली होती, विहिरीजवळ. दिरांच्या शेळ्यांची सोय झाली असावी.

तिनं पिशवीतून एक साडीचं पुडकं काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे कशाला?" मी म्हटलं.

"असू द्या की. त्या दिवशी मशीन चुकलं म्हून माझं निभावलं. तुमचं काम गेलं म्हनं त्यापायी."

"साडी नको, हौसाक्का. साडी दिसली की माझा हात सहीला जातो."

ती खळखळून हसली. पुडकं परत पिशवीत गेलं आणि त्याऐवजी शेंगांचं गाठोडं बाहेर आलं. स्वतःच्या रानातल्या. ते मी ठेवून घेतलं.

"पर खरंच, बाई," ती जाताना म्हणाली, "मशीन बी कसं नेमकं चुकलं बगा!"

"व्हय," मी म्हटलं. "चुकलं खरं."

ती गेल्यावर मी एकटीच शेंगा सोलत बसले. कॉम्प्युटरवर जांभळं कापड टाकलेलं असतं धुळीसाठी, त्याच्यावर टरफलं पडत होती. ती साडी मी कधी नेसले नाही. झाकण म्हणून मात्र चांगली टिकली.

अण्णांना मी 'एकदाच' म्हणाले होते. ते खोटं. मी एफ-सात तीनदा दाबलं.

पहिल्यांदा दाबलं तेव्हा हौसाक्का अजून बाकड्यावरच होती. ते खरोखर सेव्ह करायला. डोळ्यांसमोर दोन्ही नावं जागा बदलून बसली, आणि अण्णांनी सकाळी काय केलंय ते मला कळलं. दुसऱ्यांदा दाबून मी ती सरळ केली, आणि सेव्ह आठवर सापडलं तिथं जाऊन सेव्हही केलं. अकरा वर्षांत चूक नव्हती; त्या दिवशीही ठेवणार नव्हते.

मग ती उठून माझ्यापाशी आली, आणि साडी कशाला घेतली म्हणून विचारलं.

पार्टीशी बोलायचं नाही, असा नियम होता. त्या एका प्रश्नापलीकडं मी बोलले नाही.